फरहतने पाहिलेला चेहरा

घुग्घुसला खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर फरहतचं फॉल-पिकोचं दुकान आहे. मशीन दारातच मांडलेली, तोंड रस्त्याकडे. एका थंडीत, संध्याकाळच्या वेळी, या दारासमोरच प्रफुल गेला. खाणीतली पाळी संपवून तो मोटारसायकलनं घरी निघाला होता. खाणीकडून आलेल्या कोळशाच्या ट्रकनं त्याला उडवलं आणि ट्रक थांबलासुद्धा नाही. सगळ्यांच्या आधी फरहत धावली. प्रफुलची बायको चंदा आधी तिची गिऱ्हाईक होती, पुढे मैत्रीण झालेली.

ट्रक दुसऱ्या दिवशी सापडला. पण तो चालवत कोण होतं? पोलिसांनी सुरज नावाच्या ड्रायव्हरला धरलं. तो म्हणे, मी त्या दिवशी गाडीवर नव्हतोच, मालकाच्या भाच्यानं गाडी नेली होती. चालवणाऱ्याचा चेहरा पाहिलेली साक्षीदार एकटी फरहत. ओळख परेडमध्ये रांगेत उभ्या माणसांतून तिनं क्षणात सुरजकडे बोट केलं.

“मी पाह्यलं ना त्याले,” ती दुकानात येणाऱ्या बायांना सांगायची. “काचेतून माह्याकडं पाहून हसत होता मेला!”

त्या हसण्यानं ऐकणाऱ्याचं रक्त उसळायचं. चंदा तर पुन्हा पुन्हा येऊन बसायची. “सांग भाभी, कसा हसला तो?” फरहत सांगायची. प्रत्येक वेळी चेहरा आणखी स्वच्छ दिसायचा. भुवईवरचा व्रण, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं लाल झालेले दात, सगळं.

वर्ष होत आलं तेव्हा साक्षीचं समन्स आलं. तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती साडीला फॉल लावत होती. खाणीकडून ट्रक आला म्हणून तिनं सहज मान वर केली आणि तिचे डोळे दिपले. मावळतीचा सूर्य नेमका ट्रकच्या काचेवर आला होता. काचेच्या जागी नुसता तांबडा जाळ. आत माणूस आहे की नाही, तेही दिसेना.

मशीन थांबली. दुसरा ट्रक आला, तिसरा आला. फरहत उठून दारात उभी राहिली, मग रस्त्याच्या कडेला. तेच दिवस, तीच वेळ, तोच जाळ. मग तो चेहरा आपण पाहिला कुठून?

आणि तिला दवाखान्याचा व्हरांडा आठवला. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, पोस्टमॉर्टेम चालू असताना, चंदाच्या दिरानं मोबाइल तिच्यासमोर धरला होता. “हाच तो ड्रायव्हर.” फोटो कुठल्याशा लग्नातला होता. सुरज मित्राच्या गळ्यात हात टाकून उभा होता. हसत.

तिनं साडी तशीच मशीनवर सोडली आणि दुकानाला कुलूप लावलं.

घरी तिनं नवऱ्याला, मन्सूरला, सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. “आता कायले पलटते तू? लोक म्हणतील, ट्रकवाल्यानं विकत घेतली. आन तो खरंच गाडीवर असन तर?”

“असन बी. पण मी नाई पाह्यला.”

“वर्षभर तर पाह्यला म्हणत होती.”

“अजून दिसून राह्यला ना! डोळे मिटले की दिसते. हसताना दिसते. हेच तर भेव हाय मले.”

चंद्रपूरच्या कोर्टात दुसऱ्या दिवशी चंदा पहिल्याच बाकावर बसली होती, सासूचा हात हातात घेऊन. फरहत पिंजऱ्यात चढली तेव्हा चंदानं तिच्याकडे बघून मान हलवली, धीर देते तशी. सरकारी वकिलांनी विचारलं, “ट्रक चालवणाऱ्याला तुम्ही पाहिलं होतं?”

सुरज समोरच उभा होता. वाळला होता, दाढी वाढली होती. भुवईवर तो व्रण होता.

“हा चेहरा मले आठवते साहेब,” फरहत म्हणाली. “पण तो मी ट्रकमंधी नाई पाह्यला. मोबाइलमंधी पाह्यला. ट्रकच्या काचेवर ऊन होतं. मले काईच दिसलं नव्हतं.”

कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकील चिडले. साक्षीदार फितूर झाली म्हणून त्यांनीच तिची उलटतपासणी घेतली. दबाव कोणाचा, कोण भेटायला आलं होतं, ओळख परेडमध्ये बोट का दाखवलं? फरहत कठडा घट्ट धरून एकच सांगत राहिली. मागे वळून पाहायची तिची छाती झाली नाही. बाहेर आली तेव्हा चंदा निघून गेली होती.

सुरज सुटला. मालकाच्या भाच्याविरुद्ध काही हाती लागलं नाही. वस्तीतल्या बाया फॉल-पिकोसाठी दुसरीकडे जाऊ लागल्या. चंदाचा दीर दुकानासमोर गाडी हळू करून थुंकायचा. मन्सूर मात्र संध्याकाळी घरी यायच्या आधी दुकानाशी येऊन उभा राहायचा, बायकोला एकटीला परत येऊ द्यायचा नाही.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी चंदा आली. दारातच उभी राहिली. आवाज कोरडा.

“मंग त्या दिवशी तू पाह्यलं तरी काय?”

फरहतनं मशीनवरचे हात काढले. “आवाज आयकला. मी धावली. तो पडला होता.”

“त्यानं माहं नाव घेतलं म्हणत होती.”

हेही तिनं वर्षभर सांगितलं होतं. तिनं डोळे मिटले. प्रफुलचे ओठ हलताना दिसले, ‘चंदा’ ऐकूही आलं. पण त्या ऐकण्यावर आता तिचा भरवसा उरला नव्हता. चंदा श्वास रोखून बघत होती. हो म्हटलं असतं तर कोण खोटं ठरवणार होतं?

“नाई सांगता येत मले, चंदा,” ती म्हणाली. “मले आयकू येते. पण खरंच बोलला का, ते नाई सांगता येत.”

चंदाचा चेहरा आक्रसला. ती जायला वळली.

“थांब,” फरहत घाईनं म्हणाली. “त्याच्या डोक्याखाली माही ओढणी ठेवली होती मी. ती हाय घरी. लय धुतली, डाग नाई गेला. तेवढं पक्कं हाय.”

चंदा पाठमोरीच उभी राहिली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, धूळ आत आली. मग ती पायरीवर बसली.

“आण,” ती म्हणाली. “मले पाहू दे.”

फरहतनं चपला पायात सरकवल्या आणि भर उन्हात घराकडे निघाली.