धाकट्या जावेच्या सर्व्हरमधल्या खोल्या

माझी धाकटी जाऊ रक्त तपासणाऱ्या एका लॅबचे सर्व्हर सांभाळते. ऑफिस म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. तिथे बसली की तिला हाका ऐकू येत नाहीत. "कान माहेरी ठेवून आलीय," असं सासूबाई तिच्या तोंडावर म्हणतात आणि तीही हसते.

गेल्या महिन्यात तिने हट्टाने एक काम केलं. एकाच मशीनवर दाटीवाटीने चालणारे लॅबचे प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये बसवले. मला समजावलं ते असं : घर एकच, पण प्रत्येकाला स्वतंत्र खोली, म्हणजे एकाचं बिनसलं तरी बाकीच्यांना त्रास नाही. पण तेव्हापासून शाखांकडून येणाऱ्या फायली रखडू लागल्या. आज लॅबच्या मॅडमचा फोन आला, "संध्याकाळपर्यंत सुधारलं तर ठीक. नाहीतर सगळं पूर्वीसारखं करू, आणि तू परत तक्रारींच्या फोनवर."

त्या फोनवर तिने उमेदीची वर्षं काढली होती. लोकांच्या शिव्या ऐकून घरी यायची, तेव्हा तिच्याशी बोलायलाही मन धजत नसे.

फाईल यायला किती वेळ लागतो, ते सकाळपासून ती मोजत होती. प्रत्येक वेळी फाईल झटक्यात यायची. "बघा ना ताई, लाईन तर ठणठणीत आहे!"

दुपारी एकदम थांबली. "अगंबाई! मी मोजतेय ते मशीनवरून. खोलीत शिरून बघितलंच नाही."

कंटेनरच्या आतून मागवली, तर तीच फाईल मुंगीच्या पावलांनी. एका कंटेनरमधून शेजारच्यात मात्र सुसाट. म्हणजे अडत होतं ते बाहेरचं दार आणि खोली यांच्या मधे.

मग सापडलं. फाईल छोट्या छोट्या पुडक्यांतून येते. मशीनचं नेटवर्क कार्ड, म्हणजे ते बाहेरचं दार, श्रम वाचावेत म्हणून ही पुडकी बांधून एकच मोठं गाठोडं करायचं. मशीनला ते चालायचं. पण गाठोडं पुढे खोलीकडे जाताना मावायचं नाही, मधेच टाकून दिलं जायचं, आणि पाठवणारा बिचारा पुन्हा पाठवत बसायचा.

पण गाठोडी बांधायची ती सोय बंद करायला तिचा हात होईना.

"बंद कर की मग," मी म्हटलं.

"ताई, ही सोय मीच चालू केली होती. तिच्यामुळे वेग वाढला, म्हणून तर मला फोनवरून उठवून इथे आणलं."

"तेव्हा खोल्या नव्हत्या. तेव्हाचं बरोबरच होतं तुझं."

तिने बंद केली. फायली भराभर यायला लागल्या. मग स्वतःहून मॅडमना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, आपण चुकीच्या जागेवरून मोजत बसलो तेसुद्धा.

"खोल्या राहू देत," मॅडम म्हणाल्या. "आणि उरलेले प्रोग्रामही तूच हलव."

फोन ठेवून तिने पदराने चष्मा पुसला, पण तो काही कोरडा होईना.

"काढलं की काय गं?" सासूबाई घाबरून उठल्या.

"नाही हो आई. ठेवलंय."