भर चर्चमध्ये दिलेला शब्द

होरेस मोझलीला कुलोम गावात सगळे कोच म्हणत. तसा तो कोचांच्या रांगेतला शेवटचा. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू काखेत मारून धावणारी जी चार पोरं असतात, तेवढीच त्याच्या हाताखाली. पण मुख्य कोच स्टॅनफिलला जे जमत नव्हतं ते होरेसला जमायचं. दक्षिण अलाबामातल्या कुठल्याही आईच्या स्वयंपाकघरात तो परसदारानं शिरायचा, भांड्यावरचं झाकण उचलून वास घ्यायचा आणि बाईनं ताट वाढेपर्यंत घरचाच होऊन बसायचा.

पूर्वी पोरगं एकदा कॉलेजात आणलं की शिक्षण संपेतोवर निर्धास्त. आता दर हिवाळ्यात संघ बदलायचं दार उघडतं. मोठी कॉलेजं लांबून हाका मारतात, मोटारी आणि बूट विकणारे जाहिरातीसाठी पोरांच्या चेहऱ्यावर पैसा लावतात. म्हणजे आपल्याच पोरांना दरसाल नव्यानं मागणी घालायची. त्या साली होरेसच्या चौघांतल्या जाकोबी टॉलिव्हरला एका मोठ्या कॉलेजाचं असं बोलावणं आलं की त्याच्या आईचं गळकं घर जाऊन नवं उभं राहिलं असतं.

स्टॅनफिलनं होरेसला खोलीत बोलावलं. "जाकोबी गेला तर पुढच्या साली तुझी जागा मी कशी राखू, सांग बरं?"

साठीला टेकलेला होरेस. दुसरं कोण ठेवून घेणार? तो पोराकडे गेलाच नाही. तो गेला रेव्हरंड पर्डींकडे.

त्यांच्या चर्चमध्ये रविवारी साक्ष द्यायची वेळ असते. ज्याला बोलायचंय त्यानं उठावं, देवासमोर आणि गावासमोर बोलावं. आणि तिथं बोललेलं मागं घ्यायचं नाही. एकानं तिथं दारू सोडली म्हणून सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात प्याला. मरेपर्यंत लोक त्याला 'आमेन' म्हणूनच हाक मारत. त्याच्या दफनाला सुद्धा कुणीतरी फिस्सकन हसलं होतं.

"जाकोबीला रविवारी दोन शब्द बोलायचेत," होरेसनं रेव्हरंडना सांगितलं. मग जाकोबीच्या आईकडे, अर्लीन टॉलिव्हरच्या घरी गेला. चर्चमधल्या बायांना तिथं सिस्टर म्हणायची रीत.

"सिस्टर अर्लीन, पोरानं ठरवलंय. हितंच ऱ्हायाचं म्हनतोय."

अर्लीनचा हात पिठातच थांबला. "मला तर कायबी बोलला न्हाय."

"तुमाला चर्चातच सांगायचं आसंल."

आणि संध्याकाळी मैदानावर जाकोबीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आईची लई इच्छा हाय रं, तू गाव सोडू नयेस. तुज्याम्होरं बोलायची न्हाय ती. मन मोठं हाय बाईचं."

पोरगं बराच वेळ बुटाच्या टोकानं गवत उकरत राहिलं.

रविवारी रेव्हरंडनी नाव घेतलं. जाकोबी उठला, आईकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले. पोराला वाटलं, तिला हेच हवंय. तिला वाटलं, पोराला हेच हवंय. "मी कुटं जात न्हाय," तो म्हणाला. "हितंच खेळनार." चर्च दणाणलं. होरेस सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाला.

आठवडाभरातच स्टॅनफिलला दुसऱ्याच एका मोठ्या कॉलेजानं उचललं. त्यानं फोन केला, "होरेस, येतोस?" होरेस हो म्हणून मोकळा झाला, बायकोला सुद्धा विचारलं नाही.

मुख्य कोच गेला की पोरांसाठी दार पुन्हा थोडे दिवस उघडतं. निम्म्या पोरांनी बोचकी बांधली. रिग्स नावाचं एक आगाऊ पोरगं होरेसला वाटेत आडवं आलं. "कोच, तुमची साक्ष कुटल्या चर्चात झाली? आमाला बोलवायचं तरी!"

ते होरेसनं गिळलं. पण वजनं उचलायच्या खोलीत जाकोबी एकटाच घाम गाळत होता, ते काही गिळवेना.

"तूबी बघ की रं. त्या मोठ्या लोकांची जागा आजून मोकळी हाय."

"कोच, मी चर्चात बोललोय," जाकोबी म्हणाला. आवाजात राग नाही, टोमणा नाही. वर विचारलं, "तुमाला तिकडं घर मिळालं का?"

त्या दिवसापासून होरेसला जेवण जाईना. शेवटी तो अर्लीनच्या दारात गेला आणि सगळं ओकला. ती शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

"म्हंजे मला सांगितलंस त्येची मर्जी, आन त्येला सांगितलंस माजी."

"व्हय."

"आन तू निगालास."

"चूक झाली, सिस्टर."

"हे तू मला शेंगांच्या पाटीम्होरं सांगतोस?" तिनं पाटी बाजूला सारली. "माज्या लेकाला भर चर्चात उभं केलंस न्हवं? मग तितंच उभा ऱ्हा आन बोल. मी त्येला जा म्हनले तरी जायाचा न्हाय. म्हनंल, आई माजं मन राखती."

संघ बदलायचं दार बंद व्हायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. साक्षीच्या वेळी होरेस उठला. समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली.

"जाकोबीनं शब्द दिला तवा त्यो मला दिला व्हता. मी चाललोय. म्हनून तुमा समद्यांम्होरं त्या शब्दातनं मी त्येला मोकळा करतो. पोरा, तू जा."

पुढचं वाक्य दातांपर्यंत आलं होतं. मी दोघांशी खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. पण मागून एक म्हातारी ओरडली, "आमेन!" ऑर्गनवाल्यानं सूर धरला, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ते वाक्य परत पोटात गेलं. होरेस खाली बसला.

केवढं काळीज या माणसाचं, असं म्हणत लोकांनी त्याचे हात दाबदाबून दुखवले. जाकोबीनं मिठी मारली. "कुनी येवडं करत न्हाय, कोच." होरेसला तेव्हाही बोलता आलं असतं.

अर्लीन मोटारीपर्यंत आली. "आरदंच बोललास."

"सिस्टर, मी..."

"पोरगं सुटलं, माजं काम झालं. मी त्येला सांगनार न्हाय. त्यो तुला बापागत मानतो, ते त्येच्यापाशी ऱ्हाऊ दे. पर माज्या दारात पुन्ना येऊ नगंस."

जाकोबी गेला आणि तिकडं चमकला. आईला घर बांधून दिलं. टीव्हीवाल्यांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, एका कोचनं स्वतः उभं राहून मला भर चर्चमध्ये मोकळं केलं, नाहीतर मी अजून तिथंच असतो.

ते स्टॅनफिलनं पाहिलं. मांडीवर थाप मारली. "होरेस, अरे हे सोनं आहे! आयांना हेच सांगायचं."

तेव्हापासून होरेस तेच सांगतो. नव्या पोराला आणायचं असो की जुन्याला अडवायचं असो, तो परसदारानं शिरतो, झाकण उचलतो, बसतो आणि जाकोबीची गोष्ट सांगतो. टाळ्यांपर्यंत सांगतो, तिथं थांबतो. आयांचे डोळे पाणावतात. असा माणूस माझ्या लेकाला फसवायचा नाही, असं म्हणत त्या त्याच्या ताटात कोंबडीचा आणखी एक तुकडा वाढतात. होरेस मान खाली घालून तो संपवतो. बायांना वाटतं, माणूस लाजाळू आहे.