खोका नको, नंबर बघा

नंबरकाकांनी सदतीस वर्षं बसच्या गॅरेजात सुट्या भागांचं कोठार सांभाळलं. मेकॅनिक रंगीत खोका दाखवून "हाच द्या" म्हणाला, की ते चष्म्यावरून बघत. "खोका काय बघतोस? नंबर बघ!" एकच बेअरिंग दोन कंपन्या दोन नावांनी विकतात, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. त्यावरूनच हे नाव पडलं.

निवृत्तीनंतर सगळा जीव सायकलीत. रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या. पण यंदा चार दिवस इस्पितळात राहून आल्यापासून खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. एकदा न्हाणीघराच्या दारात पडले, पंधरवड्यात पुन्हा जिन्यात. सुनेने सायकलीला कुलूप ठोकून किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

"बाबा, आता वय झालं."

हे मात्र काकांच्या जिव्हारी लागलं. तळलेलं सोडलं, मीठ बेतानं घेतलं, साखरेकडे तर ढुंकूनही बघेनात. चक्कर काही हटेना.

एका दुपारी त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळ्या गोळ्यांची मोजदाद केली, कोठारात वर्षअखेरीला करत तशी. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या एका बाजूला, इस्पितळातून घरी सोडताना दिलेल्या दुसऱ्या बाजूला. भिंग घेऊन निळ्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं. मग पांढऱ्यावरचं. मग पुन्हा निळ्यावरचं.

नावं वेगळी, आत औषध एकच! रक्तदाबाची गोळी ते रोज दुप्पट घेत होते.

दुसरा कुणी असता तर त्याने एक पाकीट तिथल्या तिथे केरात टाकलं असतं. पण सहीशिवाय कोठारातला खिळाही हलवायचा नाही, हे काकांच्या हाडीमाशी खिळलेलं. सगळी पिशवी घेऊन, सुनेला सोबत घेऊन, त्याच संध्याकाळी ते डॉक्टरीणबाईंसमोर हजर झाले.

बाईंनी रक्तदाब बसवून मोजला, उभं करून मोजला. उभं राहताच तो धाडकन उतरला. त्यांनी पांढऱ्या पाकिटावर काट मारली आणि म्हणाल्या, "काका, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. चुकलंच आमचं."

काकांची छाती अशी फुगली की बाईंनी पुन्हा नाडी बघितली.

तीन आठवडे चक्कर फिरकली नाही. तपासणी करून बाईंनी सायकलीला परवानगी दिली. घरी आल्यावर सुनेने किल्ली टेबलावर ठेवली. शेजारी एक फुगलेली पिशवीही ठेवली.

"माझ्या आईच्या गोळ्या आहेत," ती हळूच म्हणाली. "जरा नंबर बघता का, बाबा?"

काकांनी किल्ली उचलून खिशात टाकली.

"बघतो की! आधी तळ्यावर जाऊन येतो."