पालथा तवा

“अक्का, गारा पडतायत. टाकू का?” वत्सलाने स्वयंपाकघरातून विचारलं आणि मी म्हणाले, “विचारतेस काय, जा.” आमचं शेवटचं बोलणं एवढंच. वत्सला माझी धाकटी जाऊ. अंबरपेठेत आम्ही दोघींनी त्रेचाळीस वर्षं एका चुलीवर रांधलं. नवरे दोघींचेही आधीच गेले. तिला जाऊन सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेली, लिहायचा सराव नाही, पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

फार गुणाची होती, असं आता सगळे म्हणतात. तशी काही नव्हती. चहात साखर जास्त घालायची, माझं ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि शेजारणीशी तेलुगूत बोलताना मला ‘मुसलम्मा’ म्हणायची, म्हणजे म्हातारी. तेव्हा मी तिशीत होते. अर्थ मला दुसऱ्याच वर्षी कळला होता, पण मी तो कळल्याचं दाखवलं नाही. त्यामुळे स्वतःबद्दल बरंच ऐकायला मिळालं.

ती लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात गारा पडल्या. तेव्हा आमचं घर पत्र्याचं, पुढे अंगण. माझ्या माहेरची रीत अशी की गारा सुरू झाल्या की लोखंडी तवा उघड्यावर पालथा टाकायचा, म्हणजे गारा थांबतात. मी उंबऱ्यातूनच तवा अंगणात भिरकावला. थोड्या वेळाने गारा थांबल्या. वत्सला म्हणाली, “अक्का, त्या थांबणारच होत्या.” मी म्हणाले, “मग पुढच्या वेळी तू टाक. बघू कुणाचं ऐकतात.” तेव्हापासून तवा तिच्याकडे गेला. टाकून झाला की ती तिथेच उभी राहून बघायची, गारा थांबतात की नाही. थांबल्या की मला ओरडून सांगायची, “मुसलम्मा जिंकली.” पडून पडून तव्याचा काठ एका जागी चेपला.

पुढे ते घर पाडून चार मजली इमारत झाली. आम्हाला तिसरा मजला मिळाला. अंगण गेलं आणि बाल्कनीला जाळी आली. म्हणून तवा गच्चीवर न्यायला लागलो. यात काही बदललं असं आम्हाला वाटलंच नाही. उंबऱ्यातून टाकताना पाय घरात असायचा, डोक्यावर छप्पर असायचं. गच्चीवर आसपासच्या सगळ्यापेक्षा उंच, उघड्यात उभं राहायचं. रीत तीच ठेवली, जागा बदलली… एवढी साधी गोष्ट दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आली नाही. माझे गुडघे गेल्यापासून वर तीच जायची.

त्या दिवशी दुपारी चार वाजले असतील. आभाळ काळं झालं होतं, लांब गडगडत होतं. घरातला मोबाइल माझ्याजवळ होता. वत्सलाच्या नातीचा, ऋचाचा, कुकटपल्लीहून ऑफिसातून फोन आला. “मोठी आज्जी, मोबाइलवर इशारा आलाय, तुमच्या बाजूला वीज पडणार म्हणून. छतावर नक्को जाऊ कुणी. आज्जीला पण सांग.” मी “हौ, हौ” म्हणाले आणि फोन ठेवला. वत्सला आत पीठ मळत होती. चार पावलं चालायची होती, तीही नाही, हाक मारली असती तरी चाललं असतं. मला वाटलं, ह्या पोरींचे फोन रोजच काहीबाही सांगतात. मग पहिली गार खिडकीवर वाजली.

वरून तव्याचा आवाज आला, ठण्ण करून. म्हणजे तिचं काम झालं होतं. त्यानंतर मी मनात दहा-बारा आकडे मोजले असतील, तेवढ्या वेळात ती जिन्यात येऊ शकली असती. आली नाही. ती उभी राहून बघत होती. मग सगळं पांढरं झालं.

कठड्याला धरून मी वर पोचेपर्यंत तिच्याभोवती माणसांचं कडं झालं होतं. शेजारीण रडत “पिडुगु, पिडुगु” म्हणत होती, म्हणजे वीज. कुणी हात लावत नव्हतं. अंगात वीज राहते, लावणाऱ्याला धरते, असं सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मीही लावला नाही. दवाखान्यातला डॉक्टर नंतर म्हणाला, “अम्मा, अंगात काही राहत नाही. लगेच छाती दाबायला हवी होती.” वाचली असती का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तव्यानेच वीज ओढली, तो मुशी नदीत टाका, असं लोक म्हणाले. मी टाकला नाही. तवा तिच्यापासून लांब, कोपऱ्यात पडला होता. त्याच्यावर एक डागही नव्हता. आता गच्चीची किल्ली माझ्या कमरेला असते. ढग वाजला की मी गच्चीवर असतील त्यांना शिव्या देऊन खाली आणते, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास दार उघडत नाही. इमारतीतले लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलंय. म्हणोत. पण पाऊस नसतानाही चारच्या सुमाराला मला तो ठण्ण ऐकू येतो, आणि मी मोजायला लागते.

ऋचा सारखी एकच गोष्ट बोलते. “मी पाच मिनिटं आधी फोन करायला हवा होता.” तिला वाटतं, तिचा फोन येईपर्यंत आज्जी वर गेली होती. सहा आठवडे मी तिला तसंच वाटू दिलं. भाकरी वाढत राहिले.

रविवारी ती जेवायला येईल. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून छापून आलं तरी तिला हे आपोआप कळायचं नाही. मीच वाचून दाखवणार आहे. त्याच तव्यावर भाकऱ्या करीन. चेपलेल्या बाजूला भाकरी नीट फुगत नाही, ती भाकरी वत्सला स्वतःच्या ताटात घ्यायची, आता मी घेते. मग तवा उतरवून ठेवीन आणि तिला सांगेन, पोरी, तुझा फोन वेळेवर आला होता.