बॅरिस्टरांच्या पेनाचं टोपण

साक्षीदाराचं खोटं हाती लागलं की बॅरिस्टर दत्ताजीराव पेनाला टोपण लावत. अगदी सावकाश, फिरवून फिरवून. मग उठत, आणि साताऱ्याच्या कोर्टातला प्रत्येक जण सावरून बसे. सत्तर साली सनद घेऊन मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा मला त्या टोपणाचं भारी कौतुक होतं. आज नुसती आठवण झाली तरी डोकं तापतं.

राजवाड्याजवळच्या त्यांच्या कचेरीत पक्षकारांपेक्षा त्यांचाच आवाज जास्त. विलायतेहून आणलेला गाऊन कोपरावर विरलेला आणि कोटाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. एखाद्या गरिबाचं काम हरलं की दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. मला सांगायचे, "गड्या, साक्षीदार काय बोलला ते सगळेच ऐकतात. तू तो कुठं उभा होता ते विचार." आणि पक्षकाराला बजावायचे, "आजपासून तुझं तोंड माझ्याकडं. तू गप बसायचं, बोलायचं ते मी." हे दुसरं वाक्य मी जसंच्या तसं उचललं. पहिलं नेमक्या वेळी विसरलो.

चार वर्षांनी ते जिल्हा न्यायाधीश होऊन सांगलीला गेले. बायकोची नोकरी सांगलीत, म्हणून मीही तिथंच वकिली मांडली. आनंदानं भेटायला गेलो, तर दारातूनच परतवलं. "आता चहा नाही. उद्या माझ्यासमोर उभं राहायचंय तुला." न्हाव्यालासुद्धा ते घरी बोलवत, दुकानातल्या गप्पा कानावर नकोत म्हणून. तेव्हा मला हसू आलं होतं.

माझा पक्षकार म्हाकू दुष्काळात माण तालुक्यातून बायको आणि दोन पोरी घेऊन कृष्णाकाठी मजुरीला आला होता. पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या मळेकऱ्याशी जुंपली आणि यानं त्याच्या डोक्यात खोरं घातलं. माणूस वाचला. खटला दत्ताजीरावांपुढंच आला. मारलं हे म्हाकू नाकारत नव्हता. प्रश्न एवढाच होता, की जीव घ्यायला मारलं की भांडणाच्या भरात? सगळं एका साक्षीदारावर येऊन ठेपलं. तो म्हणाला, "म्या पान्याचं इंजान चालू करून तितंच हुबा हुतो. म्हाकू पल्याडच्या बांधावरनं म्हनला, 'आज तुला जित्ता सोडत न्हाई.' म्या सोता ऐकलं."

मी त्याला जुनं वैर विचारलं, दारू विचारली, नातीगोती विचारली. आरोपीच्या पिंजऱ्यातून म्हाकूनं हात वर केला. मी डोळे वटारून त्याला गप्प केलं. वर बघतो तर न्यायाधीशांनी पेनाला टोपण लावलेलं. मला वाटलं, जिंकलो! साहेबांनी खोटं पकडलंय, आता काळजी नाही.

"वकील, आणखी काही विचारायचंय?"

"नाही, साहेब."

ते माझ्याकडं बघत राहिले. "नक्की?"

"नक्की, साहेब."

त्यांनी टोपण काढलं आणि खाली मान घालून लिहायला लागले. आठवड्यानं निकाल लागला. खुनाचा प्रयत्न, पाच वर्षं सक्तमजुरी.

कोर्टाच्या पायरीवर म्हाकूची बायको हौसा मला आडवी आली. रडत नव्हती. "आवं वकीलसायेब, इंजान धडाडत आसताना पल्याडचं बोलनं ऐकू येतंय व्हय? आमच्या बारक्या पोरीला बी ठावं हाय ह्ये. त्येंनी हात वर केला, तवा तुमीच दाबलंसा की त्यास्नी!"

मी तसाच न्यायाधीशांच्या बंगल्यावर गेलो. "तुम्हाला प्रश्न दिसला होता!"

"दिसला होता."

"न्यायाधीशाला साक्षीदाराला विचारायचा अधिकार आहे. कायद्यात लिहिलंय!"

"लिहिलंय." ते शांत होते, त्याचीच मला चीड आली. "सरकारी वकिलानंही एक प्रश्न सोडला. ते खोरं बांधावर पडलं होतं, की म्हाकूनं खोपीत जाऊन आणलं? तोही मीच विचारायचा होता?"

उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते म्हाकूला आणखी गोत्यात आणणारं होतं. म्हाकू खोपीपर्यंत पळत गेला होता, त्यानंच सांगितलं होतं. त्यामुळं माझा राग आणखीच भडकला.

"साताऱ्यात असता तर तो साक्षीदार सोलून काढला असता तुम्ही!"

"असता. आणि खोऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नसतं. बॅरिस्टरला एकच बाजू बघायची मुभा असते, गड्या. माझी आता गेली. तुझ्याकडं होती, तू वापरली नाहीस."

मी दार आपटून निघालो. त्यानंतर कोर्टाबाहेर त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

दोन वर्षांनी हायकोर्टानं म्हाकूला सोडलं, भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणून. 'इंजिन चालू करून तिथेच उभा होतो' हे वाक्य दत्ताजीरावांनी साक्षीत शब्दशः लिहून ठेवलं होतं. अपिलात मुंबईच्या वकिलानं तेच धरलं. लोक म्हणतात, बघ, त्यांनी जेवढं हातात होतं तेवढं केलं. केलं असेल. पण त्या दोन वर्षांत म्हाकूच्या थोरल्या पोरीची शाळा सुटली आणि तिच्या हातात ऊस तोडायचा कोयता आला. ती पुन्हा शाळेत गेली नाही.

एकोणऐंशी साली दत्ताजीराव गेले. साताऱ्याच्या शोकसभेत जो तो 'निःपक्षपाती, निःपक्षपाती' म्हणत होता. मी मागच्या बाकावर मुठी आवळून बसलो होतो. ते बरोबर होते हे मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. राग मात्र गेला नाही. त्यांच्यावरचा नाही आणि माझ्यावरचा तर नाहीच.

पुढं मला न्यायाधीशाच्या जागेसाठी अर्ज करायला सांगणारे भेटले. मी केला नाही. उलटतपासणी संपली की आजही मी लगेच खाली बसत नाही. आधी आरोपीच्या पिंजऱ्यापाशी जातो. न्यायाधीश घड्याळ बघतात, "वकीलसाहेब, वेळ जातोय," म्हणतात. जाऊ दे. मी कठड्यावर हात ठेवून आत उभ्या असलेल्या माणसाला विचारतो, "काय रे बाबा, माझं काही राहिलं का?"