दव सुकल्यावरचा कापूस

नाशिकहून निघताना सासूबाईंनी पुऱ्यांचा डबा हातात दिला आणि विचारलं, "एका कॉमेंटसाठी एवढ्या लांब जायचं?"

प्रश्न रास्त होता. मी घरीच बाळंतविडा शिवते. झबली, दुपटी, तान्ह्यांच्या मऊ गाद्या. गिऱ्हाईक वाढावं म्हणून ब्लॉग सुरू केला आणि त्यात लिहिलं, "यवतमाळच्या शेतात पहाटे दवात भिजलेला कापूस वेचतात, म्हणून आमची गादी इतकी मऊ." वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं. यवतमाळ मात्र मी पाहिलेलं नव्हतं. वर्षभरात ब्लॉगवर आलेली एकुलती एक कॉमेंट नेमकी त्याच वाक्याखाली होती: "ओला कापूस कोणी वेचत नाही, ताई. पिवळा पडते. एकदा येऊन पाहा. शमीम, गादीवाली, दिग्रस."

दोन दिवस राग आला, तिसऱ्या दिवशी लाज वाटली. चौथ्या दिवशी मी तिकीट काढलं.

रेल्वेनं बडनेरा, तिथून यवतमाळ आणि पुढं पुसदची एसटी. डुलकीत कंडक्टरनं पुकारलेलं 'दारव्हा' मला 'दिग्रस' ऐकू आलं आणि मी चक्क एक गाव अलीकडंच उतरले. पुढची गाडी येईपर्यंत स्टँडबाहेर आलूबोंडा-रस्सा खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. टपरीवाले काका शांतपणे म्हणाले, "अजून एक घ्या. पयल्याचं तिखट विसरून जासान." मी घेतला. पहिल्याचं खरंच विसरले, कारण दुसरा जास्त तिखट होता.

दिग्रसच्या आसपास रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले होते. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीकडं निघालेल्या गाड्यांतून उडालेले. शमीमआपांचं दुकान विचारावं लागलं नाही, पिंजणाऱ्या मशीनचा आवाज लांबूनच येत होता. आपा पन्नाशीच्या, ठेंगण्या, भुवयांवरसुद्धा कापूस बसलेला.

"तुम्ही सच्ची आल्या?" त्या बघतच राहिल्या. मग मशीन बंद करून मला शेजारच्या नेट कॅफेत घेऊन गेल्या.

त्यांचाही ब्लॉग होता! फोटो धुरकट, शब्द साधे. 'गादीत गोळे काहून होतात?' 'रजई उन्हात किती वेळ ठेवा?' खाली पुसद, कारंजा, वाशीमच्या लोकांचे प्रश्न आणि प्रत्येकाला आपांचं उत्तर.

"इतके विषय सुचतात कसे?" मी विचारलं.

"सुचत नाही बाप्पा. हप्ताभर गिऱ्हाईक जे विचारते, तेच जुम्म्याले लिवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला जवळच्या तांड्यावर (बंजारा वस्तीवर) सक्रूबाईंच्या शेतात घेऊन गेल्या. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहताच सक्रूबाईंनी पाठ फिरवली.

"अजून एक पेपरवाली आणली का? आमाले रडवाले येतात अन् फोटो काढून जातात."

कापसाच्या पडत्या भावाची ती वर्षं होती. त्या दिवसांत या जिल्ह्यात येणारा प्रत्येक कॅमेरा दुःखच शोधत यायचा.

"पेपरवाली नाही होय," आपा म्हणाल्या, "लेकराइच्या गाद्या शिवते."

सक्रूबाई वळल्या. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि हसल्या. "मंग बस. दव सुकू दे."

चहा झाला, ऊन पानांवर आलं, तेव्हा कुठं वेचणी सुरू झाली. मीही कमरेला ओटी (कापूस टाकायची कापडी झोळी) बांधली. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात, हे मला चौथ्या बोंडाला कळलं. सक्रूबाईंचे दोन्ही हात दोन झाडांवर चालत होते आणि तोंड माझ्याशी बोलत होतं. माझ्या ओटीत कापूस तळालाच राहिला, त्यांची ओटी पोटाएवढी फुगली.

दुपारी बांधावर ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा. वहीत खरडलेलं मी उत्साहानं वाचून दाखवलं: "गरीब बिचारी सक्रूबाई काट्यांत हात घालून..."

"थांब," त्या म्हणाल्या. "बिचारी काहून? रगत तुह्या बोटातून निघून राह्यलं, माह्या नाही."

माझे कान तापले. "मग काय लिहू?"

"लिव का सक्रू दोन हातानं वेचते, अन् पावणीले एकानंही जमलं नाही."

आपा इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी 'गरीब बिचारी' खोडलं आणि सक्रूबाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. निघताना त्यांनी स्वतःहून फोटो काढू दिला. दोन्ही हात कापसानं भरलेले आणि हनुवटी वर.

घरी आल्यावर जुनं वाक्य मी पुसलं नाही. त्याच्यावर लिहिलं, "हे मी न पाहता लिहिलं होतं, चूक आहे," आणि खाली सगळा प्रवास मांडला, दारव्ह्याच्या डुलकीसकट. गाद्यांची मागणी एकदम वाढली असं काही झालं नाही. पण प्रश्न येऊ लागले. इतके दिवस मी दुकानाच्या दारात उभी राहून ओरडत होते, आता लोक आत येऊन बसायला लागले.

एके दिवशी एका बाईंनी विचारलं, "जुन्या साड्यांच्या गोधडीत थोडा कापूस भरला, तर बाळाला उकडेल का?"

उत्तर मला माहीत नव्हतं. पूर्वी मी एखादं छान वाक्य रचलं असतं. आता लिहिलं, "ठाऊक नाही. एक गोधडी शिवून, वापरून पाहते, मग सांगते."

आणि कपाटातून जुनी साडी काढली.