पद्मतीर्थावरचा खांदा

गेल्या वर्षी अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला. चालणे, बोलणे पूर्ववत झाले. उजव्या हाताची थरथर तेवढी राहिली. उभे आयुष्य वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढण्यात गेले होते. त्यासोबत माझा एक नेम होता. रोज सकाळी वाशीमच्या पद्मतीर्थावर जायचे, तळ्यापलीकडे जागे होणारे शहर टिपायचे आणि ते छायाचित्र कुठेही न छापता महादेवाच्या नावाने ठेवून द्यायचे. चैत्रातला कोरडा उजेड, आषाढातले करडे पाणी, पौषातले धुके. हीच माझी पूजा. आजारानंतर तीन महिने एकही छायाचित्र स्थिर आले नाही. ज्याच्यासाठी हा हात राबला, त्यानेच तो काढून घेतला, असे वाटू लागले. मुलीने कॅमेरा टेकवायला तिपाई स्टँड आणून दिला होता. तो मी उघडलाही नाही. स्टँड लावणे म्हणजे हार कबूल करणे, अशी माझी समजूत होती.

पौषातल्या एका सकाळी मी ठरवूनच गेलो: आजचे छायाचित्र हलले तर कॅमेरा कायमचा ठेवून द्यायचा. धुके पाण्यावर साचले होते. त्याच्या वर फक्त गच्च्या आणि देवळाचा कळस दिसत होता. असे दृश्य पाच-सात मिनिटे टिकते. उजेड कमी, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागत होते आणि तेवढा वेळ हात थांबत नव्हता. सहा वेळा बटण दाबले. सहाही वेळा कळस पुसट आला. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ तोंड धुवायला नेमके माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाबा, जरा बाजूले सरकता का?"

"मीच आडवा येऊन राह्यलो का तुमच्या सूर्याले?" ते सरकले, पण गेले नाहीत. "हात काहून इतका हालून राह्यला?"

मी आजार सांगितला. ते माझ्यापुढे एक पायरी खाली पाठ करून बसले.

"ठेवा तो डबा माह्या खांद्यावर. पोती वाहून पक्का झाला हाय."

मी घुटमळलो.

"अवो, खांदा जित्या माणसाले बी चालते. ठेवा."

मी मागे बसून कॅमेरा ठेवला. त्यांच्या श्वासाबरोबर तो वरखाली होत होता. क्षणभर दम रोखायला सांगितले. त्यांनी रोखला, मीही रोखला आणि बटण दाबले.

"झालं का? का कोर्टात तारखेले बी असाच दम रोखून जाऊ?"

कळस स्पष्ट आला होता. मी दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. "तारखेले येऊन येऊन थकलो, पण वाशीम असं दिसते हे आजच पाह्यलं." धनज गावाहून आलो, शेती करतो, एवढे सांगून ते निघाले. नाव विचारायचे राहिले. बातम्यांत मुरलेल्या माणसाकडून ही चूक सहसा होत नाही.

महादेव स्वतः आला होता, असा माझा दावा नाही. ते एक शेतकरी होते आणि धुके विरण्याआधी आले, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो. इतके महिने मी देवाकडे जुना हात मागत होतो. दुसऱ्यावर टेकायची मात्र माझी तयारी नव्हती.

हात अजून थरथरतो. पायरीवर जो असेल, दूधवाला किंवा फुले विकणारी मावशी, त्याला रोज विनंती करतो. आजवर कुणी नाही म्हटलेले नाही. छायाचित्राच्या कोपऱ्यात कधी टोपीची कड येते, कधी पदर. पूर्वी मी तेवढा भाग कापला असता. आता तसाच महादेवापुढे ठेवतो.